दवकाकांची लाल वही

खरं सांगतो, ढगांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा धंदा इंजिनाचा. जे पान्यात धरता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. आमच्या विमान शिकवण्याच्या शाळेत हवामानाच्या नोंदी घ्यायला माणूस नेमला आणि त्याची खोली नेमकी विमान दुरुस्तीच्या माझ्या हँगरला चिकटून दिली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं की, हा उंटावरचा शहाणा आता बसल्या जागी आम्हाला सांगणार विमान कधी बाहेर काढायचं ते. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून तो हवा सांगतोय आणि आम्ही ऐकतोय.

पोरं त्याला दवकाका म्हणतात. पहिल्या तासाला तो ढग, वादळ, वीज असलं काहीच शिकवत नाही. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवतो आणि सगळ्यांना गप्प बसवून त्याच्याकडे बघायला लावतो. पाच मिनिटांनी पेल्याला बाहेरून घाम फुटतो. मग हा त्याच्या त्या हळू आवाजात सांगतो, हवा थंड होत होत एका अंशाला पोचते आणि तिथे तिला तिच्यातलं पाणी धरवत नाही, ती ते सोडून देते. त्या अंशाला म्हणायचं दवबिंदू. तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितकं अंतर कमी, तितकं धुकं जवळ. पोरं आलेली असतात आकाशात झेपावायला, आणि हा त्यांना पेला दाखवतो. दरवर्षी एखादं तरी पोरगं जांभई देतं. त्याला हा पेल्यातलं पाणी प्यायला देतो.

माणूस दिसायला अगदी साधा. काटकुळा, खिशाला तीन पेनं, एक निळं, एक काळं, एक लाल, आणि अंगात बायकोनं विणलेला तोच तो करडा स्वेटर. वहिनी शिवणकाम करतात. विमानतळावर इतकी वर्षं काढली, पण विमानात बसला एकदाच, आणि बसला तो थेट टोपीत ओकला. ती टोपी मीच धुतली, म्हणून मला ते सांगायचा हक्क आहे. त्यानंतर त्याला कितीदा बोलावलं तरी गेला नाही. म्हणायचा, हवेचं नि माझं नातं जमिनीवरूनच बरं आहे.

दर तासाला तो खोलीतून निघायचा, हात मागे बांधून. आधी गवतात उभा राहून चारी बाजूंना बघायचा. मग कागदाच्या कारखान्याच्या धुराड्याकडे, धूर सरळ जातोय की आडवा पडतोय ते बघायला. मग पाण्याची टाकी, ती दोन किलोमीटरवर. लाल छपराची गिरणी पाचवर, टेकडी दहावर. कुठपर्यंत स्पष्ट दिसतंय ते मनात धरायचा आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या पेटीचं दार उघडायचा. ही पेटी म्हणजे चार पायांवर उभं केलेलं झडपांचं कपाट. आत दोन तापमापक. एक उघडा आणि एक ओल्या मलमलीचं अंगडं घातलेला. ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहिलं की थंडी वाजते ना, तेच तत्त्व. हवा जितकी कोरडी, तितकं ते अंगडं भराभर वाळणार आणि तितका त्याचा पारा खाली जाणार. दोघांतल्या फरकावरून तो तक्त्यात बघून दवबिंदू काढायचा. मलमल वहिनींच्या शिवणातली आणि अंगड्याचं माप त्यांनीच घेतलेलं.

त्याच्या खोलीत एक फळा होता आणि फळ्यावर पडदा, तोही वहिनींनी शिवलेला, फुलाफुलांचा. उडायला जाणाऱ्या पोरानं आधी बाहेर जाऊन स्वतः आभाळ बघायचं, चिठ्ठीवर लिहायचं की ढग किती उंच, लांबचं कुठपर्यंत दिसतंय, वारा कसा, पुढे काय होईल, आणि खाली एकच शब्द, जाणार की नाही जाणार. ती चिठ्ठी टेबलावर ठेवली की मगच हा पडदा सारायचा आणि खरे आकडे दाखवायचा. चिठ्ठी बदलायची मुभा होती, पण का बदलली ते लिहायचं. जा किंवा जाऊ नको हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. हवा मी सांगतो, जायचं की नाही ते जाणाऱ्यानं ठरवायचं, असं त्याचं म्हणणं. मला याचा फार राग यायचा. पगार घेतोस तर सांग की सरळ.

आणि ती लाल वही. पुठ्ठा लाल आणि आतलं अक्षरही लाल. त्यात तो स्वतःच्या चुका लिहायचा. ढग दोन हजार फुटांवर सांगितले, बाराशेवर निघाले. चहा गार होत होता म्हणून घाई केली. वारा पडेल म्हणालो, पडला नाही. माझीच छत्री उडाली. अशी सव्वीस वर्षं. दर सोमवारी वर्गात मागच्या आठवड्याचं पान पोरांनी वाचायचं असा नियम. मी त्याला एकदा म्हणालो, मी असली वही ठेवली तर माझ्या विमानात कुत्रंसुद्धा बसणार नाही. तो म्हणाला, वही नसताना बसतात याचंच मला नवल वाटतं.  मी पाना उचलला आणि गेलो.

भांडत असलो तरी आमचं बरं जमायचं. दुपारचा डबा एकत्र. त्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा त्याचं एक काम मी माझ्याकडे घेतलं. त्या ओल्या अंगड्याखाली एक वाटी असते, तिच्यातलं पाणी मलमल शोषत राहते. ती वाटी सोमवारी धुऊन भरायची. नळाचं पाणी चालत नाही, त्याचे क्षार बसून कापड कडक होतं. हँगरमध्ये बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर असतंच, जाता-येता मी ओतून यायचो. पाच-सहा वर्षं तरी हे चाललं असेल.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. मला दोन मुली. थोरली सरळमार्गी, बँकेत नोकरीला. धाकटी हँगरमध्येच वाढली म्हटलं तरी चालेल, शाळा सुटली की माझ्याकडे, दप्तर एकीकडे आणि ही दवकाकाच्या मागे मागे पेटीपर्यंत. तिला विमान चालवायचं होतं. आमच्या हिला ते मुळीच पसंत नव्हतं, आणि मी दोन्ही डगरींवर हात ठेवून गप्प. शेवटी अर्ज दवकाकानं भरून दिला. मला न विचारता भरला म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी अर्जावर सही केली.

वर्षभरानं तो दिवस आला. एकटीनं लांबचा प्रवास. इथून निघून दोन ठिकाणी उतरायचं आणि परत घरी यायचं, शेजारच्या खुर्चीत कुणी नाही. परवान्यासाठी ते लागतंच. त्या दिवशी सोमवार होता.

सकाळी माझा स्पिरिटचा डबा गळायला लागला. सुटे भाग पुसायला लागतं ते. टाकून कसं द्यायचं म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरची एक रिकामी बाटली घेतली आणि तिच्यात ओतून ठेवलं. आता ऐका. लेबल नसलेली किंवा चुकीच्या लेबलाची बाटली दिसली की मी अख्खा हँगर डोक्यावर घेतो. एका मदतनिसाला मी याच कारणावरून घरी पाठवलंय. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हटलं, दहा वाजता लावू लेबल. तेवढ्यात धाकटी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात आली आणि कशी दिसते म्हणून विचारायला लागली.  मी सांगितलं, बुटाची नाडी बांध. लेबल राहिलं ते राहिलंच.

दीडच्या सुमारास मी नेहमीसारखा पेटीपाशी गेलो, वाटी धुतली आणि भरली. मन माझं धावपट्टीवर. कुठली बाटली उचलली ते माझं मला कळलं नाही.

दोनची नोंद घेऊन दवकाका आत आला तेव्हा धाकटी बाहेरून आभाळ बघून आली होती. मी दारात उभा होतो, कामाचं काही नव्हतं, उगाच. तिनं चिठ्ठी लिहिली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, आज आभाळ धुतल्यासारखं मोकळं आणि दुपारपासून वारा कमी होत चाललेला. दवकाकाचं वर्गातलं ठरलेलं वाक्य आहे, काल पाऊस, आज मोकळं आभाळ आणि संध्याकाळी पडलेला वारा, हे तीन पाहुणे आले की धुकं न बोलावता येतं. तिनं तेच लिहिलं, आणि खाली लिहिलं, आज नाही जाणार, उद्या ऊन चढल्यावर.

त्यानं पडदा सारला. तापमान वीस, दवबिंदू सात. तेरा अंशांचा फरक. एवढ्या कोरड्या हवेत धुकं यायचं म्हणजे थंडीनं फारच मेहनत घ्यायला हवी. धाकटी फळ्याकडे बघत राहिली. दवकाकाही बघत राहिला, त्याच्या कपाळाला आठ्या. तिनं विचारलं, इतकी कोरडी कशी? तो म्हणाला, अकराला वारा उत्तरेकडे वळला होता, त्यानं वरच्या पठारावरची हवा आणली असेल. आणि मग जरा थांबून म्हणाला, आकडा तरी तसं म्हणतोय.

आणि मी, ज्याचा आयुष्यभर ढगांवर विश्वास नाही तो मी, दारातून बोललो.

"आता घोडं कुठे पेंड खातंय? आकडा समोर आहे ना?"

तिनं चिठ्ठीवरचं खोडलं. जाणार असं लिहिलं आणि कारण लिहिलं, हवा कोरडी आहे. अडीचला ती उडाली. मी विमान दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभा होतो आणि नंतर मान दुखते म्हणून कुरकुरत आत गेलो.

ती साडेपाचला परत यायची होती. सव्वापाचला मी इंजिनाचा एक प्लग पुसायला घेतला. बाटलीतून फडक्यावर ओतलं आणि पुसायला लागलो, तर बोटं गार पडेनात. स्पिरिट हाताला लागलं की कसं झटकन गार लागतं आणि उडून जातं. हे उडेना. नाकाशी धरलं. पाणी. नुसतं पाणी.  बाटल्या दोन होत्या, आणि ही जर पाण्याची, तर दुसरी मी कुठे नेली होती ते मला आता चांगलंच आठवत होतं.

ती बाटली हातात घेऊनच पेटीपर्यंत पळालो. दार उघडून वाटी हुंगली. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी येतो तो वास. स्पिरिट पाण्यापेक्षा कितीतरी भराभर वाळतं. ते अंगडं दुपारपासून थंडीनं कुडकुडत होतं, आणि बिचारा तापमापक तीनला, चारला, पाचलाही प्रामाणिकपणे सांगत होता की हवा कोरडी आहे. माझ्या बुटांना गवताचं पाणी लागलं होतं. धुराड्याचा धूर आडवा झोपला होता.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी आधी वाटी गवतात उपडी केली. मलमलीवर पाणी ओतून ती धुतली, पिळली, वाटीत पाणी भरलं. आणि मग ओरडलो. माझी पोरगी वर एकटी, आणि मी आधी पुरावा ओतून टाकला आणि मग हाक मारली. अर्धा मिनिट गेला असेल, जास्त नाही. तो अर्धा मिनिट मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

दवकाका लंगडत आला. मी म्हणालो, गवत ओलं आहे, मला हवा बरी वाटत नाही, परत बघ. तो पेटीशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला, माझ्याकडे बघितलं आणि गुडघा विसरून, विमानांशी रेडिओवर बोलतात त्या मनोऱ्याकडे निघाला. फरक एक अंशावर आला होता.

मनोऱ्यातून तिला हाका मारल्या. उत्तर नाही. टेकडीपलीकडे खाली असली की रेडिओ लागत नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मी मनोऱ्यातल्या माणसावर खेकसलो. नदीकडून पांढरी पट्टी निघाली आणि सावकाश पसरत आली. आधी गिरणी गेली. मग टाकीचे पाय गेले, नुसती टाकी वर तरंगत राहिली, मग तीही गेली. आवाज कसला म्हणून नाही. मला वाटायचं वाईट हवा म्हणजे गडगडाट, वादळ. हे तर दूध सांडल्यासारखं गुपचूप येत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. दवकाका माझ्या शेजारी उभा होता. त्यानं नुसता माझ्या दंडाला हात धरून ठेवला.

पावणेसहाला ऑफिसातला फोन वाजला. धाकटी होती, जिथे दुसऱ्यांदा उतरली होती त्याच धावपट्टीवरून बोलत होती. तिनं आधी काकांना द्या म्हणून सांगितलं. तो ऐकत राहिला, दोनदा हं म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला. तिचा आवाज अगदी नेहमीचा. म्हणाली, निघाले होते, पण वीस मिनिटांनी नदीवर पांढरं दिसलं, खालच्या गावांचा धूर झोपलेला दिसला. काका म्हणतात तसं दर दहा मिनिटांनी मागे वळून बघत होते, मागे अजून ऊन होतं. म्हणून मागे फिरले. मग म्हणाली, फळा काही म्हणत असला तरी फळ्याला खिडकी नसते ना, बाबा.

मी फोन ठेवला आणि तिथल्याच बाकावर बसून रडलो. सगळ्यांना वाटलं, बापाचं काळीज. कुणीतरी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवकाका बाहेर पेटीपाशी असताना मी त्याच्या खोलीत गेलो आणि लाल वही उघडली. लिहिलं होतं, दोनच्या नोंदीत फरक तेरा धरला, खरा पाचच्या आत-बाहेर असणार. तिन्ही पाहुणे आलेले डोळ्यांना दिसत होते तरी आकड्याचं ऐकलं. आकडा पटत नव्हता, तर पेटीपाशी पुन्हा जायला हवं होतं. गुडघा दुखतो म्हणून गेलो नाही. एवढंच. वाटीचं नाव नाही, वासाचं नाव नाही.

मला हायसं वाटलं. हो, वाटलं. त्याला कळलं नाही म्हणून मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या आठवड्यात कुणी बाटली उचलली तरी मी दचकून मान वळवायचो. मुख्य शिक्षकांनी दवकाकाला बोलावून विचारलं की डोळे कधी तपासले होते. तो मुकाट डॉक्टरकडे जाऊन आला, डोळ्यांत थेंब घालून, भिंतीला धरत. घरी आमची ही जेवताना म्हणाली, तुमच्या त्या मित्राला आता दिसत नाही का नीट? माझी पोर गेली असती त्याच्यापायी. धाकटी ताडकन म्हणाली, त्यांच्यामुळेच आले मी परत. मी खाली मान घालून घास गिळत राहिलो. घास घशाखाली उतरत होते, याचंच मला आज नवल वाटतं.

शुक्रवारी नोटीस लागली. डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत हवामानाचा वर्ग बंद आणि नोंदींवर दुसऱ्याची सही. मी नोटीस वाचली आणि दवकाकाच्या खोलीत गेलो. तो रिकाम्या वर्गासाठी पेला पुसत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गळका डबा, बाटली, लेबल, वाटी. आणि तो अर्धा मिनिटही सांगितला.

त्यानं पेला खाली ठेवला. "वाकलो तेव्हाच गवताला वास येत होता," तो म्हणाला.

मी चिडलो. हो, मीच चिडलो. म्हणालो, माहीत होतं तर बोलला का नाहीस? डोळ्यांत थेंब घालून घेत हिंडतोस, वर्ग गेला तुझा, लोक काय काय बोलतात, आणि तू गप्प? तो ऐकून घेत होता. माझं बोलून संपेपर्यंत त्यानं लाल वही माझ्यापुढे सरकवली.

"मी माझी चूक लिहिली. तुझी मी कशी लिहिणार?" आणि त्यानं खिशातलं लाल पेन काढून वहीवर ठेवलं.

मी आयुष्यात कामाच्या नोंदी सोडल्या तर काही लिहिलेलं नाही. चार ओळी लिहायला मला तासभर लागला. इंजिनाचं असतं तर भरभर लिहिलं असतं. मधेच त्याला विचारलं, अर्ध्या मिनिटाचं लिहायलाच हवं का? वाटीची चूक लिहिली की झालं नाही का? तो म्हणाला, तुझी वही आहे. आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला ठाऊक होतं की सोमवारी वर्ग भरला तर हे पान पोरं वाचणार, आणि पोरांमध्ये माझी पोरगी असणार. तिला घरी बसून मी सांगू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर तोंडानं सांगताना मी तो अर्धा मिनिट नक्की गाळला असता. म्हणून लिहिला.

त्याच दुपारी मुख्य शिक्षकांकडे गेलो. त्यांनी मला जे ऐकवलं ते ऐकवण्यासारखंच होतं. नोटीस मागे घेतली. घरी हिला सांगितलं. तिनं पायात चपला घातल्या आणि तडक दवकाकाच्या घरी गेली, वहिनींपाशी तासभर बसून आली. माझ्याशी मात्र रविवार संध्याकाळपर्यंत अबोला. मला तो परवडला.

सोमवारी वर्ग भरला. भिंतीला भिंत लागलेली, मला हँगरमध्ये सगळं ऐकू येत होतं. पेला, घाम, दवबिंदू, वर्ग बंद पडला होता म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मग वही उघडल्याचा आवाज आणि दवकाका म्हणाला, आज दोन पानं आहेत, दुसरं अक्षर माझं नाही. कुणीतरी वाचायला लागलं. आवाज धाकटीचा होता. त्यानं मुद्दाम तिलाच दिली, की तिनं आपणहून घेतली, ते मी अजून विचारलेलं नाही.

ती वाचत होती. "पाण्याच्या बाटलीत स्पिरिट ठेवलं. लेबल लावलं नाही. तेच पेटीच्या वाटीत भरलं, त्यामुळे दोनचा आकडा खोटा आला. कळल्यावर आधी वाटी ओतून टाकली, मग हाक मारली. विमानात मुलगी होती." शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. मी हातातला पाना ठेवून दिला.  मग दवकाका त्याच्या हळू आवाजात पुढे ढगांवर गेला.

वर्ग सुटल्यावर पोरं निघून गेली. ती हँगरच्या दारात आली. मी तिच्याकडे बघायचं टाळत उगाच एक नट घट्ट करत होतो, आधीच घट्ट असलेला. ती फळीपाशी गेली, दोन्ही बाटल्या उतरवल्या, एकेकीचं झाकण काढून हुंगलं. टेबलावरची चिकटपट्टी फाडून एकीवर पाणी लिहिलं, दुसरीवर स्पिरिट. दोन्ही शब्द तिनं पेन रोवून दोनदा गिरवले. रागानं की कशानं, मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता. पट्ट्या अंगठ्यानं नीट दाबून बसवल्या आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"सोमवार आहे, बाबा. वाटी भरायची आहे. तू ओत, वास मी घेते."

मी नट सोडला आणि हात पुसत तिच्यामागून निघालो. पेटीपाशी दवकाका आधीच येऊन उभा होता, हात मागे बांधून, धुराड्याकडे बघत. मी वाटी धुतली. तिनं बाटली हुंगली आणि मान हलवली. मग मी ओतलं.